पहिल्याच पावसात कव्हर आखूड: बोटीच्या कॅनव्हासचं आटण कसं धरायचं

मे महिन्यात शिवून आणलेलं कव्हर बोटीवर झकास बसतं. जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या निमुळत्या भागाचं, टोक उघडं पडलेलं असतं, बाजूच्या दोऱ्या तारेसारख्या ताठ झालेल्या असतात आणि कोपऱ्यातली एक-दोन आयलेटं (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या) कापडासकट उपटलेली असतात. पुढच्या वर्षी शिंपी "चार बोटं जास्त" ठेवतो. तेव्हा लांबी कशीबशी पुरते, पण आडव्यात झोळ पडतो, झोळात पाणी साठतं आणि आठवड्याभरात मधला बांबू वाकतो. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा माप कमी केलं जातं. ही आवर्तनं थांबत नाहीत, कारण "चार बोटं" हा आकडा कुठल्याच मोजणीतून आलेला नसतो.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न जास्त बोचतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि हौशी शिडाच्या बोटी तर सप्टेंबर संपेपर्यंत वर ओढून ठेवलेल्या असतात. म्हणजे कव्हर एकदा चढवलं की दोन ते चार महिने तेच. मध्येच उतरवून वाळवायला ऊन नसतं आणि शिंप्याकडे न्यायला ते कोरडंही नसतं.

आधी पाहा, खरंच आटलंय का

आखूड पडलेलं प्रत्येक कव्हर आटलेलं नसतं. स्टीलची टेप घ्या. शिंप्याची कापडी टेप नको, ती स्वतःच ताणली जाते. तीन मापं घ्या: कण्यावरून, म्हणजे मधल्या उंच बांबूच्या रेषेवरून, नाळेपासून मागच्या पाटापर्यंतची लांबी, बोटीच्या मध्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचा घेर, आणि खालच्या दुमडीची लांबी. हीच मापं एकदा कव्हर ओलं असताना आणि एकदा पूर्ण वाळल्यावर घ्या.

ओलं असताना आखूड आणि वाळल्यावर जवळजवळ पूर्ववत असेल, तर दोष मापाचा नाही, बांधणीचा आहे. वाळल्यावरही आखूड, त्यातही एका दिशेने बरंच आणि दुसऱ्या दिशेने थोडंच, तर हे खरं आटण. मधलं कापड सपाट आणि फक्त खालच्या कडेला चुण्या, तर आटली ती कडेची सुती निवार. चुण्या फक्त शिवणीच्या रेषेवर असतील तर दोरा किंवा मशीनचा ताण तपासा. पारदर्शक खिडकी असलेल्या कव्हराची चेन सकाळी लागत नाही आणि दुपारी लागते, तर ते पीव्हीसीचं काम. गारव्यात ते आक्रसतं, उन्हात सैलावतं, आणि वर्षागणिक त्यातला मऊपणा उडून गेला की कायमचं लहान होतं. पाणी न लागताच कव्हर आखूड निघालं असेल, तर माप शिवणीत गेलंय. त्याचा हिशोब पुढे आहे.

निळी प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर पाण्याने आटत नाही. बोटीसाठी म्हणून मिळणारं अॅक्रिलिक कापडही पाण्याने नगण्यच आटतं. त्याचा शत्रू उष्णता. कडक इस्त्री किंवा गरम ड्रायर लागला की ते आक्रसतं आणि परत येत नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते मुख्यतः सुती कॅनव्हासबद्दल आहे. पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाला तोच हिशोब, आकडे लहान.

कापड का आटतं

मागावर ताण्याचे, म्हणजे थानाच्या लांबीत जाणारे, धागे ताठ ओढलेले असतात आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यांच्या वर-खाली जात विणला जातो. त्यात ताण्याला खळ, म्हणजे धागे ताठ करणारी पेज, असते, म्हणून थानावर असताना कापड ताणलेल्या अवस्थेतच "गोठलेलं" असतं. पहिल्यांदा भिजलं की खळ सुटते, सुताला पाणी लागून ते जाड होतं, आणि जाड झालेल्या बाण्याला वळसा घालायला ताण्याला जास्त लांबी लागते. ती लांबी तो कापडाच्या लांबीतून घेतो. म्हणून थानाच्या लांबीत आटण जास्त आणि पन्ह्यात, म्हणजे कापडाच्या रुंदीत, कमी. कोऱ्या, न धुतलेल्या कॅनव्हासला ताण्याच्या दिशेने साधारण ६ ते १० टक्के आणि बाण्याच्या दिशेने २ ते ४ टक्के ही नेहमीची मर्यादा. सॅन्फोराइज्ड, म्हणजे गिरणीतच आटवलेलं कापड सहसा ३ टक्क्यांच्या आत राहतं.

यातला मोठा वाटा कायमचा असतो. तो पहिल्या भिजण्यात जातो, दुसऱ्या-तिसऱ्यात थोडा आणखी. उरलेला वाटा तात्पुरता: भिजलं की ताठ, वाळलं की सैल, आणि हे कव्हराच्या आयुष्यभर चालू राहतं. कायमच्या वाट्याचं उत्तर बेतण्यात आहे, तात्पुरत्याचं बांधण्यात. या दोन्हींची गल्लत झाली की "चार बोटं जास्त" जन्माला येतात.

खाऱ्या हवेची एक भर आहे. कापडात मीठ बसलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कव्हर उघडिपीतही पुरतं वाळत नाही. वाळल्यावरचं माप घ्यायच्या आधी कापड गोड्या पाण्याने धुतलेलं हवं, नाहीतर कोरडं म्हणून घेतलेलं माप अर्धवट ओल्याचंच असतं.

चाचणीचा तुकडा

दुकानदार सांगेल तो टक्का धरू नका, मागच्या वर्षीचा तर नाहीच. आटण थानागणिक बदलतं. दोन थानं लागणार असतील तर दोन तुकडे.

थानाचं पहिलं अर्धा मीटर सोडून ६० सेंमी × ६० सेंमीचा तुकडा कापा आणि ताण्याची दिशा बाणाच्या खुणेने (→) दाखवा. ताणा ओळखायचा तर किनार, म्हणजे थानाची न उसवणारी विणलेली कड, पाहा, तो किनारीला समांतर असतो. कडेपासून ५ सेंमी आत, ५०० मिमी अंतरावर खुणा करा: तीन जोड्या ताण्यात, तीन बाण्यात. खडू चालणार नाही, धुऊन जातो. न पुसणाऱ्या पेनाने ठिपका द्या किंवा रंगीत दोऱ्याचा कच्चा टाका घाला.

साध्या पाण्यात रात्रभर बुडवा. उकळतं पाणी नको, कारण कव्हरावर उकळतं पाणी कधी पडणार नाही आणि आकडा उगाच फुगेल. न पिळता, सपाट फळीवर पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगलं तर ओल्या कॅनव्हासचं वजनच त्याला खाली ओढतं आणि आटण कमी दिसतं. अशी तीन आवर्तनं करा, शेवटच्या वेळी वाळल्यानंतर एक दिवस तसंच पडू द्या आणि मग मोजा. तिन्ही जोड्यांची सरासरी घ्या. ५०० चे ४६५ झाले तर ७ टक्के, ४८७.५ झाले तर अडीच टक्के.

मेणाचं पाणरोधक कापड असेल तर पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. तुकडा वजनाखाली दाबून पूर्ण दिवस बुडवून ठेवा. भिजल्यासारखा दिसला आणि कापलेल्या कडेला आत कोरडा निघाला, तर चाचणी झालेलीच नाही.

टक्के गुणायचे नाहीत, भागायचे

सर्वात जास्त दिसणारी चूक ही. हवी असलेली लांबी ६ मीटर, आटण १० टक्के, म्हणून ६.६० मीटर कापतात. ६.६० चे १० टक्के आटले की ५.९४ उरतात. सहा सेंमी कमी. आटण कापलेल्या लांबीवर लागतं, हव्या असलेल्या लांबीवर नाही. म्हणून:

कापायची लांबी = हवी असलेली लांबी ÷ (१ − आटण)

१० टक्क्यांना ०.९० ने भागा: ६.६७ मीटर. आटण ३ टक्क्यांच्या आत असेल तर दोन्ही रीतींत फरक नगण्य पडतो. कोऱ्या कॅनव्हासला तो आयलेट फाडण्याइतका पडतो.

दाब, म्हणजे शिवणीत आणि दुमडीत जाणारं कापड, यानंतर वेगळं मिळवायचं. त्याला टक्केवारी लावायची गरज नाही.

ताणा कुठल्या दिशेला

इथे थोडं थांबून विचार केला तर अर्धा प्रश्न सुटतो. साडेपाच मीटर लांब, १.९ मीटर रुंद अशी बोट घेऊ. पुढे-मागे २० सेंमी लोंबता काठ धरला तर कव्हराची लांबी ५.९० मीटर. कण्याचा बांबू काठापेक्षा ५५ सेंमी उंच ठेवला, म्हणजे साधारण ३० अंशांचा उतार, की प्रत्येक बाजूचा उतार १.१० मीटर भरतो. दोन्ही बाजू आणि दोन्हीकडचे २० सेंमी मिळून घेर २.६० मीटर.

चाचणीत ताणा ७ टक्के, बाणा अडीच टक्के निघाला. थान बोटीच्या लांबीत पसरलं तर ताणा लांबीत येतो, आणि आटण न धरता शिवलेलं कव्हर लांबीत ४१ सेंमी कमी होतं. दोन्ही टोकांचे २०-२० सेंमी संपले, नाळ उघडी. तेच पट्टे आडवे घातले, म्हणजे एका काठावरून कण्यावरून दुसऱ्या काठावर, तर लांबीत बाण्याचे १५ सेंमी जातात आणि घेरात ताण्याचे १८. म्हणजे प्रत्येक बाजूला ९ सेंमी. बोट तरीही झाकलेली राहते. हिशोब चुकला तरी चूक चारी बाजूंना वाटली जाते आणि लोंबत्या काठात मुरते.

आडव्या पट्ट्यांना शिवणी जास्त लागतात, हे खरं. पण त्या शिवणी पाण्याच्या उताराच्या दिशेने जातात, त्यामुळे पाणी त्यांच्यावर अडत नाही. लांब पट्ट्यांत शिवण उताराला आडवी येते आणि पाणी तिथे थबकतं.

एक गोष्ट अजिबात करू नका: मधले पट्टे आडवे आणि नाळेकडचा तुकडा उरलेल्या कापडातून उभा. दोन तुकडे वेगवेगळ्या दिशेने आटतात आणि जोडावर कायमच्या चुण्या पडतात. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं, तर नाहीच. उरेब तुकडा आटत कमी, ओघळत जास्त.

शिवणी किती खातात

वरच्याच बोटीचं बेतूया. कापड न भिजवता शिवायचं ठरलं तर लांबी ५.९० ÷ ०.९७५ = ६.०५ मीटर, घेर २.६० ÷ ०.९३ = २.८० मीटर. दोन्ही कडांना १० सेंमी दाब धरला तर ६.२५ आणि ३.०० मीटर.

पन्हा ३६ इंची, म्हणजे ९१.४ सेंमी. दोन्ही कडा एकमेकींत अडकवून घातलेली चपटी शिवण, जीन्सच्या पायाला असते तशी, १२ मिमी रुंद ठेवली तर ती ३६ मिमी कापड खाते. शिवाय जाड कापडाला घडीत वळायला जागा लागते. तिथे दर शिवणीला साधारण २ मिमी आणखी जातात. कागदावर न दिसणारे हेच ते मिलिमीटर. दहा-बारा शिवणींच्या कव्हरात ते दोन-अडीच सेंमी होतात, आणि दोष आटण्याच्या माथी जातो.

सात पट्ट्यांत ६ शिवणी: ६३९.८ वजा २२.८, म्हणजे ६१७ सेंमी. हवेत ६२५. आठ सेंमीसाठी आठवा पट्टा घ्यायचा जिवावर येतं आणि मग दाब कमी केला जातो. करू नका. दाब हीच पुढच्या दुरुस्तीची शिल्लक असते. आठ पट्टे × ३ मीटर = २४ मीटर, चाचणीचा तुकडा आणि त्याआधी सोडलेला अर्धा मीटर धरून साडेपंचवीस मीटर घ्या. नाळेकडे बोट निमुळती होते, तिथे उरलेल्या कापडातून आयलेटांखालचे ठिगळ आणि बांबूवरची जाड पट्टी निघते.

थान आधी भिजवायचं की माप वाढवायचं?

कोरं, बिनमेणाचं कापड असेल तर प्रश्नच नाही, आधी भिजवा. वाढीव माप धरून शिवलं तरी शिवणीवर चार पदर असतात आणि मध्ये एक. दोन्ही सारखे आटत नाहीत. चेन लावायची असेल तर भिजवण्याला पर्याय नाही, कारण प्लॅस्टिकची चेन आटत नाही, कापड आटतं, आणि चेन नागासारखी वळवळते. भिजवलं की कापायची मापं सरळ तयार मापं असतात, भागाकाराची गरज नाही. फक्त खरेदी वाढवून करा. पन्हाही ९१.४ चा ८९ सेंमी होतो, हे पट्टे मोजताना लक्षात ठेवा.

पिंपात कापड कोंबू नका. नागमोडी घड्या घालत सोडा, नाहीतर घडीच्या आत पाणी पोचत नाही. १२ तासांनी पाणी बदला, त्यात खळ उतरलेली असते. खळ कापडात राहिली तर पावसाळ्यात बुरशीला तीच मेजवानी. वाळवताना बांबू हातभर अंतरावर आडवे ठेवून त्यांवर कापड पसरा. उंच दोरीवरून लांबच्या लांब सोडू नका. इस्त्री करताना ओढू नका.

माप वाढवून शिवणं हे फक्त मेणाच्या किंवा आधीच पाणरोधक केलेल्या कापडासाठी, जिथे भिजवून धुतलं तर दिलेले पैसेच धुऊन जातात. अशा कव्हराला मे अखेरीस बोटीवर चढवा, दोऱ्या अगदी सैल ठेवा, नळाने चिंब करा आणि वाळू द्या. दोनदा. पहिला पाऊस घरच्या नळाचा असलेला बरा. यात दुसराही फायदा आहे: सुईची भोकं सूत फुगून बुजतात. नव्या सुती कव्हराला पहिल्या पावसात शिवणीतून पाणी ठिबकतं ते याच पूर्वतयारीच्या अभावी.

दोरा, निवार, आयलेट

दोरा बाँडेड पॉलिएस्टर, सुई १८ ते २२ नंबर कापडाच्या जाडीप्रमाणे, टाका ४ ते ५ मिमी. बारीक टाका मजबूत वाटतो, पण कापडाला टपाल तिकिटासारखी भोकं पाडतो आणि प्रत्येक टाका थोडं कापड गोळा करतो. शिवून झाल्यावर शिवणीची लांबी पुन्हा मोजा. एका मीटरच्या शिवणीत ५ मिमीपेक्षा जास्त गेलं असेल तर मशीनवरचा वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा. अॅक्रिलिकवर सुती दोरा नको: दोरा आटतो, कापड नाही. नायलॉनचा दोरा उन्हात लवकर कुजतो.

कडेची सुती निवार कॅनव्हासपेक्षा जास्त आटू शकते. ती कापडाबरोबरच भिजवून घ्या, किंवा भिजवलेल्या कापडाला पॉलिप्रोपिलीनची पट्टी लावा. न भिजवलेल्या कापडाला पॉलिप्रोपिलीन लावलंत तर उलटं होईल: कापड आटेल, पट्टी लाटांसारखी उभी राहील. दुमडीत सुती दोरी घालायची असेल तर तीही भिजवून. ओली झाली की पिळाची दोरी आखडते आणि सगळी कड ओढून घेते.

आयलेट पितळी, ३० ते ४० सेंमी अंतरावर, दुमडीच्या तिहेरी पदरात. कोपऱ्यात एकच मोठं न लावता १० सेंमी अंतरावर दोन लावा.

बांधताना

तात्पुरतं आटण मापाने सुटत नाही. कोरड्या कव्हराला काथ्याने ताठ आवळलं की पावसात कुणीतरी तुटणारच: दोरी, आयलेट किंवा कापड. बहुधा आयलेट. प्रत्येक दोरीत ६ मिमी इलॅस्टिक दोरीचा हातभर तुकडा घाला. त्याहून सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे वजनं. एक लिटरच्या बाटल्या वाळू भरून आयलेटांना लोंबत्या बांधा, जमिनीला टेकणार नाहीत अशा. कापड आखडलं की बाटली वर जाते, सैलावलं की खाली येते, ताण तोच राहतो. वारा जोराचा असेल तिथे चार कोपरे मात्र बोटीच्या खालून नेलेल्या दोरीने धरलेले हवेत.

झोळ राहू देऊ नका. एक चौरस मीटर जागेत एक सेंमी पाणी म्हणजे १० किलो. पाच सेंमीचा झोळ ५० किलोंचा, आणि तो स्वतःच्या वजनाने खोल होत जातो. म्हणून आटण गरजेपेक्षा जास्त धरणं हे कमी धरण्याइतकंच घातक.

आधीच आखूड झालेलं कव्हर

ओलं करून ओढून लांब करायचा मोह होतो. थोडं मिळतं, पुढच्या पावसात परत जातं, आणि आयलेटं मोकळी होतात ती वेगळीच.

खालच्या दुमडीत १० सेंमी दाब ठेवला असेल तर तो उसवून ४ सेंमीचा करा. दर बाजूला ६ सेंमी मिळतात. पण जुन्या आयलेटांच्या भोकांना आतून ठिगळ लावा. तिथून फाटायला सुरुवात होते.

घेरात कमी पडत असेल तर खालून जोडपट्टी. तिची रुंदी जितकं कमी आहे तितकी, अधिक ५ सेंमी. कापड भिजवलेलं, आणि ताण्याची दिशा मूळ पट्ट्यांचीच.

लांबीत कमी पडत असेल तर टोकाला जोड देऊ नका. नाळेकडचा आकार एकदा बसलेला असतो, तो बिघडतो. बोटीच्या मध्यावरची एकच शिवण उसवा आणि तिथे भिजवलेल्या कापडाचा नवा पट्टा घाला, हवी ती वाढ अधिक दोन शिवणींचे ७२ मिमी, वजा उसवलेल्या शिवणीतून मोकळे झालेले ३६ मिमी. म्हणजे २० सेंमी वाढ हवी तर पट्टा २३.६ सेंमीचा, आणि घड्यांसाठी अर्धा सेंमी धरून २४. जुनं कापड पुरतं आटलेलं असतं, त्यामुळे नवा पट्टा किमान तीनदा भिजवून वाळवलेला हवा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये नेमका तोच पट्टा चुण्या पाडत बसतो.